काठावरचे डोळे

मर्डो मॅकिननचा एक स्वभाव होता, आणि तो बदलायचा नाद नायरीनं लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सोडला होता. जी गोष्ट आपल्याला नीट जमत नाही, ती तो करायचाच नाही. जमेल तशी, थोडीफार, हसत-खेळत, हे शब्द त्याच्या गावी नव्हते. गुडघा धरायला लागला त्या हिवाळ्यात त्यानं नाच सोडला आणि पोरीच्या लग्नातसुद्धा खुर्चीला चिकटून बसला. घोड्यावरून घळीत पडून उजवा खांदा मोडला, तेव्हा डोंगरातून मेंढ्या हाकून आणायचं काम सुटलं हे समजण्यासारखं आहे. पण खांदा प्लास्टरमध्ये असतानाच त्यानं आपली सगळी कुत्री शेजारच्या मेंढपाळांना वाटून टाकली. नायरी रडली, तर म्हणाला, "बसल्या बसल्या कुरवाळायला काय कुत्री पाळायची?"

ट्राउट माशांची मासेमारीही अशीच सुटली असती. खांद्यामुळे गळाची काठी कानाच्या वर जाईना. त्या दिवशी नायरी वायटोरा नदीच्या काठावर विणकाम घेऊन बसली होती. मर्डोनं दोनतीनदा दोरी भिरकावली, ती त्याच्याच टोपीत अडकली. आता हा काठी मोडून नदीत फेकणार, असं तिला वाटलं. पण पाण्यात एक मासा बराच वेळ किडे खात होता आणि मर्डोला तो सोडवेना. त्यानं काठी आणून तिच्या मांडीवर ठेवली.

"तू टाक," तो म्हणाला. "कुठं ते मी सांगतो."

त्या दिवशीपासून त्यांची जोडी जमली. आमच्या इकडे, देशाच्या दक्षिण टोकाला, साउथलंडच्या नद्यांत आंधळेपणानं गळ टाकून भागत नाही. पाणी इतकं नितळ की आधी मासा शोधायचा, मग पिसांचा केलेला खोटा किडा त्याच्या पुढ्यात अलगद सोडायचा. पहिलाच किडा नीट पडला तर पडला, नाहीतर मासा गेलाच म्हणून समजा. म्हणून एकानं उंच काठावर उभं राहून बघायचं आणि दुसऱ्यानं खाली पाण्यात उभं राहून टाकायचं. पाण्यात उभ्या असलेल्याला चकाकीपलीकडे फारसं काही दिसत नाही. त्यानं काठावरच्याचं ऐकायचं. मर्डोचे डोळे तर साऱ्या खोऱ्यात नावाजलेले. समोरच्या डोंगरावर चुकार मेंढी कुठं बसलीय ते तो चहा पिता पिता सांगायचा. तो वरून म्हणायचा, "दोन वाजता. काठीभर वर. हातभर तुझ्याकडे घे." घड्याळाच्या काट्यावरून दिशा, काठीच्या लांबीवरून अंतर. नायरी तसा किडा टाकायची आणि मासा यायचा. तिला तो बहुतेक वेळा गळाला लागल्यावरच दिसायचा.

तिला त्याचं वाईट कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला माशांची फार पडलेलीच नव्हती. घरात मर्डो दिवसभरात चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन हवामानाबद्दल. नदीवर मात्र तो तिच्या पाठीमागून सकाळभर बोलत असायचा, हळू, लाडीगोडीनं, जणू तिच्याशी आणि माशाशी एकदमच. "थांब... थांब गं म्हातारे... वळतोय तो... आता!" त्या आवाजासाठी ती गारठ्यात कंबरभर पाण्यात उभी राहिली असती, आणि राहतही होती.

वायटोरा तळ्यातून नदी जिथं बाहेर पडते तिथं त्यांचं सुट्टीचं छोटं घर आहे. क्रिब म्हणतात आमच्याकडे. पत्र्याचं छप्पर, लाकडाची चूल, संडास मागच्या झाडीत. अशी दहाबारा क्रिब तिथं एकमेकांना खेटून उभी आहेत. आमच्याकडे नाताळ भर उन्हाळ्यात येतो; तो झाला की सगळे इन्व्हरकार्गिल शहरातून येतात आणि जानेवारी संपेपर्यंत हलत नाहीत.

त्या वर्षी नाताळातच नायरीच्या लक्षात आलं. मर्डोनं चहा कपाच्या शेजारी ओतला. मग म्हणाला, किटलीची चोच वाकडी आहे. वर्तमानपत्र वाचायचं सोडून तो रेडिओ ऐकायला लागला, म्हणे हल्ली पेपरात असतंय काय. गाडी तिला चालवायला दिली, गुडघ्याचं निमित्त करून. नायरी काही बोलली नाही. बोलली असती तर त्यानं मान हलवून ते मान्य केलं असतं आणि पुन्हा नदीचं तोंड बघितलं नसतं. मग हे घर विकायचं, शहरातच राहायचं आणि खिडकीशी बसलेल्या मर्डोकडे बघत उरलेले दिवस काढायचे. कुत्री गेली तेव्हा तिनं रडून घेतलं होतं. यावेळी तिला रडायचं नव्हतं, नदी जाऊच द्यायची नव्हती.

आणि मग पहिला दगड आला.

मर्डोनं काठावरून सांगितलं, "अकरा वाजता, मोठा आहे, तळाशी." तिनं टाकला. "बघितला त्यानं... नाही घेतला. परत टाक." तिनं परत टाकला, परत टाकला, आणि शेवटी किडा कशात तरी अडकला. सोडवायला ती चालत गेली. तिथं एक लांबट काळा दगड होता, त्याच्या टोकाला शेवाळाचं झुपकं पाण्यात हलत होतं. ती जरा वेळ त्या दगडाकडे बघत उभी राहिली. "पळाला का?" मर्डोनं वरून विचारलं.

"पळाला," ती म्हणाली. "माझीच चूक. धप्पकन पडला किडा."

त्यानंतर ती दगडांवरच टाकत राहिली. कधी बुडलेला ओंडका, कधी ढगाची सावली. टाकायची मात्र मनापासून. मर्डोला डोळ्यांनी नसेल दिसत, पण दोरीचा आवाज कळत होता, आणि हलगर्जीपणा त्याच्या कानाला लगेच लागला असता. एखाद्या दगडाला कुणी इतक्या नजाकतीनं किडा वाढला नसेल. तिला स्वतःचंच हसू यायचं.

एका शनिवारी सकाळी ती मोठ्या वळणावर उभी होती. झाडांवरचे किडे कानठळ्या बसवत होते, वारा अजून सुटला नव्हता. मर्डो वरून एका दगडाचं वर्णन करत होता. तो कसा डावीकडे सरकतोय, कसा डौलात आहे. नायरीनं काठी उचलली आणि सहज खाली बघितलं. तिच्या बुटांपासून दोन पावलांवर एक प्रचंड ट्राउट उभा होता. पिवळसर अंग, पाठीवर काळे ठिपके, खालचा जबडा वर वळलेला. पाण्यावर पडलेला एक किडा त्यानं सावकाश तोंड उघडून आत घेतला. तोंडाचं आतलं पांढरं तिला स्पष्ट दिसलं. आयुष्यात इतका मोठा मासा तिनं पाण्यात असा, स्वतःच्या डोळ्यांनी, कधी बघितला नव्हता.

नुसता मनगटाचा झटका दिला असता तरी पुरलं असतं. पण मग मर्डोला कळलं असतं की तो वर उभा राहून दुसरीकडेच काहीतरी बघत होता, आणि पायाशी असलेला राक्षस त्याला दिसला नाही.

"काय झालं?" मर्डो वरून म्हणाला. "टाक की. काठीभर वर."

तिनं त्या माशाकडे पाठ फिरवली आणि दगडावर टाकला.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरून कुणीतरी ओरडलं. क्लाइव्ह होता, तिसऱ्या क्रिबमधला, जन्मभर ट्रक चालवलेला, आवाज ट्रकच्या भोंग्याचा. माणूस मनानं चांगला, पण तोंडात तीळ भिजत नाही. "ए नायरी! अगं बाई, तो दगड आहे, दगड! मासा तुझ्या पायाशी आहे!"

त्या आरोळीनं मासा शेपटाच्या एका फटक्यात खोल पाण्यात गेला. नायरीनं क्लाइव्हला हातानं जा, जा अशी खूण केली. तो कपाळावर हात मारून हसत निघून गेला.

"काय म्हणतोय तो?" मर्डोनं विचारलं. नदीच्या खळखळाटात त्याला नीट ऐकू गेलं नव्हतं.

"वारा सुटेल म्हणतोय."

"ते सांगायला ह्याची काय गरज?" मर्डो म्हणाला.

दुपारी ती क्लाइव्हच्या दाराशी जाऊन आली. त्याला बाजूला घेऊन दोन शब्द सांगायचे होते. पण तो बोट घेऊन तळ्यात गेला होता, आणि शनिवार असल्यामुळे संध्याकाळची मंडळी त्याच्याच पडवीत जमणार होती. जाणं टाळावं असं तिला फार वाटलं. पण मर्डोनं स्वच्छ सदरा चढवून ठेवला होता, बटणं एकेक घर चुकवून. तिनं ती नीट लावली आणि दोघं निघाले.

आमच्याकडे उन्हाळ्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो. पडवीत सगळे जमले होते. क्लाइव्हनं एका मोडक्या फ्रिजमध्ये लाकडाचा भुसा पेटवून त्यात मासे धुरवले होते. चीज रोल टेबलावर होते, बिअर होती, चावऱ्या चिलटांना शिव्या घालणं चालू होतं. आठवड्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा सांगायचा आणि सगळ्यांनी हसायचं, ही तिथली जुनी रीत. क्लाइव्ह दम धरून बसला होता, हे नायरीला त्याच्या तोंडावरूनच दिसत होतं.

"आज आमच्या नायरीबाईंनी काय मारलं विचारा," तो अखेर म्हणाला. "दगड! देवाशप्पथ. पायाशी हा एवढा नर, डुकराएवढा, आणि बाई आपल्या दगडाला किडे चारतायत! आणि मजा म्हणजे वरून मर्डो सांगतोय..."

"मर्डोनं मला खालीच टाक म्हणून सांगितलं होतं," नायरी मध्येच म्हणाली, जरा मोठ्यानंच. "पायाशी आहे, पायाशी आहे, घसा फोडून सांगत होता बिचारा. मला ऐकूच आलं नाही. माझे कान गेलेत, क्लाइव्ह. म्हातारी झाले मी."

पडवी हसून कोसळली. कुणी म्हणालं, कानात यंत्र घाल. कुणी म्हणालं, नवऱ्याचं न ऐकायला यंत्र कशाला लागतं, ते तर सगळ्याच बायकांना जन्मजात येतं. नायरीही हसली. मग तिनं मर्डोकडे बघितलं. तोही हसत होता.

"हो," तो म्हणाला. "ऐकतच नाही ती हल्ली."

तिला हायसं वाटलं. पण त्याच क्षणी मनाला लागलंही. एवढं मी ह्याच्यासाठी करतेय आणि हा खुशाल माझ्या कानांवर खापर फोडतोय, असं तिच्या मनात आलं. तिनं ताट बाजूला सरकवलं आणि लवकर उठायचं निमित्त शोधायला लागली.

दोघं घरी आले. आकाश तळ्यावर अजून गुलाबी होतं. तिनं चुलीत लाकूड सारलं. तो खुर्चीत बसला, बूट न काढता.

"तुझ्या कानांना काही झालेलं नाही," तो म्हणाला.

नायरीनं चुलीचं दार लावलं.

"झाडीत उंदीर हलला तरी तू मला उठवतेस. कान चांगले आहेत तुझे. क्लाइव्ह मूर्ख आहे, पण आंधळा नाही." तो पुढं झुकला. "किती दगड होते, नायरी?"

खोटं बोलायला तिला जीव उरला नव्हता. "सगळे," ती म्हणाली.

"नाताळापासून?"

"हो."

"मग टाकत का होतीस?"

"तू सांगत होतास म्हणून."

त्यानं दोन्ही तळहात डोळ्यांवर धरले. मग तो खुर्चीतून उठला, बूट काढले, पाण्यात घालायचे ते उंच बूटही कोपऱ्यातून उचलले आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवले. परत येऊन म्हणाला, "उद्यापासून मी येत नाही. तू जात जा. काठी तुझी आहे, हात तुझा आहे."

ज्या वाक्याला ती इतके दिवस घाबरून होती ते वाक्य हेच. पण ते कानावर पडलं तेव्हा तिला रडू आलं नाही. तिला राग आला. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून साठवलेला, नाचाचा, कुत्र्यांचा, सगळाच राग.

"मी जाऊ? आणि काय करू तिथं?" ती म्हणाली. "पाण्यात खांबासारखी उभी राहू? मर्डो मॅकिनन, मला बादलीत ठेवलेला मासा दिसत नाही! इतकी वर्षं तू मला एकदा तरी सांगितलंस का, कसं बघायचं ते? दोन वाजता, चार वाजता, काठीभर वर, हुकूम सोडलेस नुसते. सगळं बघणं स्वतःकडे ठेवलंस, कंजूष माणसा! आणि आता डोळे जातायत तर तेही घेऊन चाललास, जशी कुत्री घेऊन गेलास!"

"कुत्री मी दिली. चांगल्या घरी दिली."

"मला विचारलंस? ती माझीही कुत्री होती!"

तो दारापर्यंत गेला, परत आला. तिनं इतक्या मोठ्यानं बोललेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं, आणि शेजारच्या क्रिबनीही बहुधा नव्हतं.

"मला येत नाही शिकवायला," तो शेवटी पुटपुटला. "मला नाही जमणार ते."

"नसेल जमत," नायरी म्हणाली. "मग नीट न जमणारं एक तरी काम माझ्यासाठी कर."

ती आत जाऊन झोपली. तो केव्हा आला ते तिला कळलं नाही.

सकाळी ती उठली तर चूल पेटलेली होती आणि मर्डो उंच बूट घालून पायरीवर बसला होता. किटलीतला चहा टेबलावर सांडलेला होता. त्यानं तो पुसायचा प्रयत्न केलेला दिसत होता.

नदीवर पोचल्यावर तो सवयीनं उंच काठाकडे वळला, थांबला, आणि तिच्यामागून पाण्यात उतरला. खोल प्रवाह ओलांडताना आम्ही लोक एकमेकांच्या पाठपिशवीचा पट्टा धरतो, एकाचा पाय सुटला तर दुसऱ्यानं तोलून धरायचं. त्यानं तिचा पट्टा धरला. त्याची हनुवटी तिच्या खांद्याशी आली.

"मासा बघू नकोस," तो म्हणाला. "माशाला बघशील तर कधीच दिसणार नाही. पाणी कुठं जातंय ते बघ. आणि सगळं वाहत असताना काय वाहत नाहीये ते बघ."

"दगड वाहत नाहीत."

"गप. दगड जागचा हलतही नाही. मासा धरून राहतो. दाराला टेकलेल्या माणसासारखा. जरा इकडे, जरा तिकडे, पण दार सोडत नाही."

ती बघत राहिली. चकाकी, खडक, शेवाळ, पुन्हा चकाकी. तिचे डोळे दुखायला लागले. तो मागून विचारत होता, "काय दिसतंय?" आणि ती सांगत होती, "काही नाही." "काही नाही असं काही नसतं. रंग सांग." मग ती रंग सांगायची. इथं पिवळा, तिथं हिरवट, त्या खडकामागे काळपट. तो चिडायचा, ती उलटून बोलायची. शिकवणं त्याला खरोखरच जमत नव्हतं. एकदा तर त्यानं पट्टा असा ओढला की दोघंही गारगोट्यांवर घसरता घसरता वाचले.

मग पांढरं काहीतरी उघडलं आणि मिटलं.

"मर्डो," ती हळूच म्हणाली. "पांढरं. तोंड. आतलं पांढरं."

त्याची पट्ट्यावरची मूठ घट्ट झाली. "कुठं?"

"एक वाजता. दोन काठ्या लांब. मोठ्या खडकाच्या अलीकडे, पाणी गुळगुळीत होतं तिथं. आता सावली दिसतेय. अंग नाही दिसत, सावलीच."

"सावलीच खरी असते. परत तोंड उघडलं?"

"उघडलं."

"खातोय म्हणजे. घाई करू नकोस. दोनदा खाऊ दे... किती वेळानं खातोय ते मनात धर." त्याचा आवाज तसाच झाला होता, पूर्वीचा, लाडीगोडीचा, पण आता थेट तिच्या कानात. नायरीचे डोळे भरून आले आणि सावली दिसेनाशी झाली. तिनं बाहीनं डोळे पुसले. सावली अजून तिथंच होती.

तिनं दोरी मागं घेतली, पुढं सोडली. किडा पाण्यावर अलगद बसला आणि तरंगत खाली यायला लागला.

"येतोय," ती म्हणाली. "वर येतोय, मर्डो, वर येतोय, अरे देवा, केवढा आहे..."

"बोलू नकोस!" तो ओरडला, तिच्याहून मोठ्यानं, आणि उत्साहाच्या भरात त्यानं तिचा पट्टा जोरात मागं खेचला. काठी उडाली, किडा माशाच्या तोंडापुढून सटकला, पाणी एकदा उसळलं आणि त्या गुळगुळीत जागेवर काही उरलं नाही.

पाणी मांड्यांना रेटत होतं. इतक्या वर्षांत असा गाढवपणा त्यांच्या हातून झाला नव्हता. मासा येता येता मर्डोनं स्वतःच्या हातानं घालवला होता. नायरी मागं वळून बघायला घाबरत होती. आता हा पट्टा सोडणार, काही न बोलता काठाकडे चालायला लागणार, आणि मग त्याला कुणाच्या बापालाही परत पाण्यात उतरवता येणार नाही. तिनं मनाची तयारी केली.

मर्डोनं पट्टा सोडला नाही. त्यानं एकदा खाकरून घसा साफ केला.

"दुसरा शोध," तो म्हणाला.